एकट्याचे न्यायालय

अमरावतीहून पहाटे मोर्शी रस्त्याला लागा, नाहीतर अकोल्याहून पातूरकडे निघा; अंधारात आधी पावलांचा आवाज येतो आणि मग पोरे दिसतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत बसले की साठ गुण, दहा पुलअप्स निघाले की चाळीस, हा हिशेब गावातल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ आहे. कापसाच्या आणि संत्र्याच्या भावावर ज्या घरांचा भरवसा उरला नाही, त्यांनी तो या पळण्यावर ठेवला आहे. अंग कमावण्याची ओढ वऱ्हाडाला नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ मध्ये त्याच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखवले होते. आता त्या ओढीला भरतीची तारीख जोडली गेली आहे, एवढेच.

भरती झालेल्या अशाच काही पोरांच्या सत्काराला मी गेलो होतो. गाव अकोला जिल्ह्यातले. मी वकिली करतो म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हणालो, तिन्ही सेनादलांना जवळ आणणारे कायदे आता होऊ लागले आहेत. उद्या सगळ्यांसाठी एकच नवा लष्करी कायदा झाला, तर त्यातून समरी कोर्ट मार्शल काढून टाकावे, निदान शांततेच्या काळापुरते तरी. माझ्यानंतर एक निवृत्त सुभेदारसाहेब उठले. उभी हयात पलटणीत गेलेली, छातीवर पदके, आवाजात खोटेपणाचा लवलेश नाही. ते म्हणाले, "वकीलसाहेब, समरी काढून टाकली तं पलटन कशी चालन? मंग कोनी कोनाचं आयकन नाही." टाळ्या त्यांना पडल्या, आणि त्या त्यांच्या मानाच्याच होत्या.

तरीही त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. त्यांनी मांडलेले मुद्दे गावोगावच्या माजी सैनिकांच्या बैठकींत आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या भाषणांत मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. लढाईत वकील आणायला वेळ नसतो. ही पद्धत जुनी आहे आणि तिने सैन्य घडवले आहे. घटनेनेच सैनिकाचे हक्क कमी केले आहेत. पोरगा स्वखुशीने गेला आहे, त्याला नियम माहीत होते. आणि सैनिकाला कोर्टाची वाट मोकळी केली की कज्जेदलालीच वाढेल. या पाचही मुद्द्यांना उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण त्या मंडपात पुढच्या रांगेत बसलेल्या पोरांवर हा कायदा लागू होणार आहे.

आधी समरी म्हणजे काय ते नीट सांगायला हवे, कारण मुलाला निरोप देताना त्याच्या आईबापांना याची कल्पना नसते. लष्कर अधिनियम, १९५० मध्ये चार प्रकारची कोर्ट मार्शल आहेत. त्यांतल्या तीन प्रकारांत एकापेक्षा जास्त अधिकारी न्यायासनावर बसतात. चौथा प्रकार समरी कोर्ट मार्शलचा. कलम ११६ प्रमाणे त्यात कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे जण हजर असतात, पण त्यांना न्यायाधीश म्हणून शपथ नसते आणि मतही नसते. अधिकारी लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरचा असेल तर कलम १२० खाली तो एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. बडतर्फही करू शकतो. कलम १६१ प्रमाणे या शिक्षेला वरच्या कोणाच्या मंजुरीची गरज सहसा नसते. ती लगेच अमलात येते. कागद नंतर वर जातात आणि वरचा अधिकारी गुणदोषांवर निकाल रद्द करू शकतो, पण तोवर जवानाच्या अंगावरची वर्दी उतरलेली असते.

या न्यायालयापुढे अधिकारी कधीच उभा राहत नाही. ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जेसीओसुद्धा नाही. म्हणजे सुभेदारसाहेब, तुम्ही खांद्यावर जेसीओचे चिन्ह लावले त्या दिवशी समरी तुमच्यापुरती संपली. ती आहे फक्त शिपाई, नाईक आणि हवालदारासाठी. त्यांच्यापैकीच ज्याला इंग्रजी आरोपपत्र वाचता येण्याची शक्यता सगळ्यांत कमी, त्याच्यासाठी.

वकिलाबद्दल नियमात काय आहे तेही ऐका. लष्कर नियम, १९५४ मधला नियम १२९ आरोपीला मदतीला माणूस घेऊ देतो. तो वकीलही असू शकतो. पण त्याने काय करावे? आरोपीच्या शेजारी बसावे, त्याला सल्ला द्यावा, साक्षीदाराला कोणते प्रश्न विचारावेत ते सुचवावे. त्याला स्वतः उलटतपासणी घेता येत नाही आणि न्यायालयाला उद्देशून बोलताही येत नाही. दहावी-बारावी शिकलेला पोरगा आपल्याच सीओसमोर सावधानमध्ये उभा राहून आपल्याच सुभेदाराची उलटतपासणी घेईल, असे या नियमाने गृहीत धरले आहे. मग "गिल्टी मान, हलक्यात सुटशील" हा सल्ला त्याला पटतो यात नवल ते काय? गुन्हा कबूल केल्याचा शेरा खरोखर समजून-उमजून दिला होता का, यावर उच्च न्यायालयांत पुन्हा पुन्हा वाद झाले आहेत ते याचमुळे.

एक खटला इथे सांगितलाच पाहिजे. रणजित ठाकूर नावाचा सिग्नलमन होता. त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरकडून होणाऱ्या वागणुकीची तक्रार थेट वरिष्ठांकडे पाठवली. वरिष्ठांकडे अर्ज करण्याची रीत मोडली म्हणून त्याला अठ्ठावीस दिवसांची सक्त कैद झाली. ती भोगत असताना त्याला जेवण्याचा हुकूम झाला. त्याने जेवण नाकारले. या अवज्ञेसाठी समरी कोर्ट मार्शल बसले आणि ज्याच्याविरुद्ध त्याची मूळ तक्रार होती तोच अधिकारी न्यायासनावर होता. शिक्षा झाली एक वर्षाची सक्त कैद आणि बडतर्फी. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी कारवाई रद्द केली. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पक्षपाताची वाजवी शंका घेता येते अशा माणसाने न्यायाला बसू नये. आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने इतकी अवाढव्य नसावी की ती न्यायाच्या जाणिवेलाच धक्का देईल. ठाकूर यांना सर्व लाभांसह नोकरीत परत घ्यावे लागले.

हा निकाल लागून चार दशके होत आली. कलम ११६ मात्र तसेच आहे. त्या निकालाने एका माणसाला न्याय मिळाला. ज्या खुर्चीतून अन्याय झाला ती खुर्ची कोणी हलवली नाही. सुभेदारसाहेब म्हणतील, सगळे सीओ तसे नसतात. मीही तेच म्हणतो. बहुतेक सीओ आपल्या जवानांवर पोटच्या पोरासारखी माया करतात. पण तक्रार करणारा, तपासाचा हुकूम देणारा, आरोप ठेवणारा, निकाल देणारा आणि शिक्षा बजावणारा एकच माणूस असेल, तर न्याय त्या माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतो. कायद्याची गरज चांगुलपणा कमी पडेल त्या दिवसासाठी असते.

आता पहिला मुद्दा, लढाईचा. सियाचीनच्या चौकीवर किंवा पूंछच्या नियंत्रण रेषेवर हुकूम मोडला तर जागच्या जागी निर्णय लागतो, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी कायद्यात समरी जनरल कोर्ट मार्शल आधीच आहे. प्रत्यक्ष सेवेच्या काळात, म्हणजे सैन्य मोहिमेवर असताना, ते तातडीने भरवता येते आणि त्यात निदान तीन अधिकारी असतात. किरकोळ गैरवर्तनासाठी कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर अठ्ठावीस दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो. रजेवरून उशिरा आलेल्या पोराला अर्दली रूममध्ये मार्च अप करून शिक्षा देण्याचा तो अधिकार मी काढून घ्यायला सांगत नाही. माझा आक्षेप आहे तो नोकरी संपवणाऱ्या आणि वर्षभराची कैद देणाऱ्या अधिकाराला. शांत छावणीत, जिथे रेल्वे आहे, फोन आहे, वकील आहेत, तिथे एका दुपारी हा अधिकार वापरण्याची कोणती घाई असते?

हे माझेच मत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विश्व प्रिय सिंग खटल्यात बजावले, की समरी हा कठोर अधिकार आहे आणि तत्काळ कारवाई अगदी अटळ असेल तेव्हाच तो वापरावा. म्हणजे अपवाद म्हणून ठेवलेली वाट नेहमीचा रस्ता होऊ नये, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. भारतीय हवाई दलाच्या कायद्यात तर समरी कोर्ट मार्शल नाहीच. तरी आपली विमाने उडतात आणि हवाई दलाचे जवान हुकूम पाळतात. समरीशिवाय शिस्त राहत नाही, या म्हणण्याला आपल्याच देशाच्या आकाशातून उत्तर मिळालेले आहे.

दुसरा मुद्दा परंपरेचा. ही परंपरा कुठून आली ते पाहू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींची घडी नव्याने बसवली आणि त्या धास्तीच्या काळात कमांडिंग ऑफिसरच्या एकट्याच्या हाती हे न्यायालय आले. ते देशी शिपायासाठी होते. गोऱ्या सोजिराला त्याच्या सीओने एकट्याने बसून वर्षभर कैदेत टाकावे, असा कायदा इंग्रजांनी स्वतःच्या सैन्यासाठी केला नाही. १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टमधून देशी शिपायासाठीचे ते न्यायालय तसेच १९५० च्या कायद्यात उतरले. शिपायावर विश्वास ठेवता येत नाही, या समजुतीतून जन्मलेली तरतूद स्वतंत्र देशाने आपल्याच लेकरांसाठी का सांभाळावी?

अमरावतीकरांना इथे एक आठवण द्यावीशी वाटते. १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष होते सर शंकरन नायर. बावीस वर्षांनी हेच नायर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि पंजाबात लष्करी अंमल पुकारून झटपट न्यायालयांनी माणसांना शिक्षा ठोठावल्या, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. नागरिकांवरचा लष्करी अंमल आणि सैनिकांवरचे कोर्ट मार्शल या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण बाजू मांडू न देता दिलेला झटपट निकाल सत्तेला सोयीचा असतो आणि माणसाला घातक, हे १९१९ मध्ये ज्याने पद सोडून सांगितले, त्याला आपल्या शहराने अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवले होते. आपली परंपरा सांगायची तर मी ही सांगेन.

आणि इंग्रजांनी पुढे काय केले? १९९७ मध्ये फॉकलंडच्या लढाईत लढलेल्या फिंडले नावाच्या सैनिकाच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरले, कारण कोर्ट मार्शल बोलावणारा अधिकारीच न्यायाधीश नेमत होता आणि निकालावर शिक्कामोर्तबही करत होता. ब्रिटनने कायदा बदलला. २००६ च्या कायद्याने तिन्ही दलांना एक संहिता मिळाली. आज तिथे कमांडिंग ऑफिसरपुढे उभा राहिलेला सैनिक "मला कोर्ट मार्शल द्या" असे म्हणू शकतो, आणि सीओने दिलेल्या शिक्षेवर अपील करू शकतो. अमेरिकेची गोष्ट तर आणखी बोलकी. सर्व दलांना लागू होणारी त्यांची एकसमान लष्करी न्यायसंहिता ५ मे १९५० रोजी मंजूर झाली. आपला लष्कर अधिनियम २० मे १९५० चा. पंधरा दिवसांचे अंतर. त्यांच्या समरी कोर्टातही एकच अधिकारी असतो, पण तो तीस दिवसांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाही आणि आरोपीने नकार दिला तर ते कोर्ट भरतच नाही. एकाच महिन्यात दोन प्रजासत्ताकांनी आपापल्या सैनिकाकडे पाहिले. एकाने त्याला नकार देण्याचा हक्क दिला.

तिसरा मुद्दा घटनेचा. अनुच्छेद ३३ खाली सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करता येतात, हे खरे. पण तो अनुच्छेद पूर्ण वाचावा. हक्कांना किती मर्यादा घालायच्या हे संसदेने कायद्याने ठरवायचे आहे, आणि तेही दोन कारणांसाठी: कर्तव्य नीट पार पडावे आणि शिस्त राहावी. म्हणजे प्रत्येक मर्यादेला प्रश्न विचारता येतो की ही शिस्तीसाठी खरोखर लागते का. ज्या मसुदा समितीने हा अनुच्छेद दिला तिचे अध्यक्ष सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र होते. लष्करी छावणीत जन्मलेल्या बाबासाहेबांना पलटणीचे जगणे पुस्तकातून कळलेले नव्हते. त्या घटना समितीत वऱ्हाडचे पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. त्यांनी संसदेला अधिकार दिला. संसदेने तो कधीच तपासून पाहू नये, असे सांगितले नाही. १९८२ मध्ये पृथीपालसिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाचा कायदा वैध ठरवला, पण पुरावा पुन्हा तपासणारे एकही अपील सैनिकाला नाही ही ठळक उणीव असल्याचे सांगितले. घटनेच्या नावाने दार बंद करणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

चौथा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागतो: पोरगा स्वखुशीने गेला. हो, गेला. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते असाच स्वखुशीने गेला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेला तो परत आलाच नाही. कर्तव्यावर प्राण देणारा तो पहिला अग्निवीर, म्हणजे चार वर्षांच्या मुदतीवर भरती झालेला सैनिक. विमा, सानुग्रह रक्कम, उरलेल्या काळाचे वेतन असे मिळून त्याच्या आईवडिलांना कोटीच्या घरात रक्कम देय असल्याचे लष्कराने जाहीर केले. नियमित सैनिकाच्या कुटुंबाला जन्मभर मिळते ते निवृत्तिवेतन मात्र त्यात नाही. अग्निवीराला भरती होताना लष्कर अधिनियम पूर्ण लागू होतो. कलम ११६ लागू होते, कलम ८० लागू होते, बडतर्फी लागू होते. शिक्षेच्या बाबतीत तो पूर्ण सैनिक आहे. मग न्यायाच्या बाबतीत तो पूर्ण का नसावा?

अग्निवीराला आणखी एक धोका आहे. चार वर्षांनंतर चारांपैकी जास्तीत जास्त एकालाच कायम नोकरी मिळणार, आणि तीही चार वर्षांच्या कामगिरीवर. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात. जुन्या सैनिकाच्या पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत शिक्षेची एक लाल शाईची नोंद पडली तर ती पुढच्या वर्षांत धुऊन निघत असे. इथे धुऊन काढायला वर्षेच नाहीत. लाल नोंदींचेही पाहा. चार लाल नोंदी झाल्या की जवानाला घरी पाठवायचे असा प्रघात पडला होता. २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसती नोंदींची मोजदाद पुरेशी नाही, चौकशी हवी, सेवेचा काळ आणि तो किती खडतर जागी गेला ते पाहायला हवे. हे शहाणपण कायद्याच्या पुस्तकात यायला हवे. आज ते निकालांच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक शिपायाच्या ट्रंकेत नसते.

पाचवा मुद्दा कोर्टबाजीचा. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले. त्या कायद्यावर सही झाली तेव्हा राष्ट्रपती होत्या प्रतिभाताई पाटील, अमरावतीच्या सूनबाई. ८ ऑगस्ट २००९ रोजी न्यायाधिकरणाचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. बेदी निकालात दाखवलेली उणीव भरून काढणारे ते मोठे पाऊल होते आणि त्याचा आम्हा वऱ्हाडकरांना अभिमान आहे. पण त्याच कायद्याचे कलम ३ काय सांगते? समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली तरच न्यायाधिकरणाकडे जाता येते. तीन महिन्यांपर्यंतची कैद 'सेवाविषयक बाबी'तून वगळलेली आहे. म्हणजे शिपायाला नव्वद दिवस तुरुंगात काढावे लागले तरी खास त्याच्यासाठी बांधलेले न्यायालय त्याचे ऐकणार नाही. आपल्या गावात एखाद्याला नव्वद दिवसांची शिक्षा झाली तर तो जिल्हा न्यायालयात अपील करतो आणि कोणी त्याला कज्जेदलाल म्हणत नाही.

ज्यांचे ऐकले जाते त्यांचे हाल वेगळे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा मिळून न्यायाधिकरणाचे नियमित खंडपीठ एकच, मुंबईत. अकोल्याहून ते जवळपास सहाशे किलोमीटर; अमरावतीहून त्याहून लांब. संध्याकाळी गाडीत बसायचे, सकाळी उतरायचे, तारीख घ्यायची, रात्री पुन्हा गाडी. बडतर्फ माणसाला निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिक म्हणून कसली सवलत नाही. तो हा खर्च कोणत्या पिकातून काढणार? उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अकोल्याहून अडीचशे किलोमीटरवर आहे, आणि न्यायाधिकरणाच्या आदेशांविरुद्ध उच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट २०१५ मध्ये जवळपास बुजली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा मोकळी केली. हे चांगले झाले. पण हुकूम मिळाल्यावरही तो पाळला जातोच असे नाही. आपला आदेश न पाळणाऱ्याला दिवाणी अवमानाची शिक्षा करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला द्यावा, असे विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत आले होते. त्याचा कायदा झाला नाही.

आणि कोर्टबाजी नेमकी कोण करते? संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली ती सैनिकांशी चाललेली सरकारी भांडणे कमी करण्यासाठी. अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दावे जिंकलेल्या जवानांविरुद्ध सरकारच अपिले करत होते, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. हातपाय गमावलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत खेचणाऱ्या व्यवस्थेने शिपायाला कज्जेदलाल म्हणू नये.

बदलाची वेळ आता आलेली आहे. आंतरसेवा संघटना (कमांड, नियंत्रण आणि शिस्त) अधिनियम, २०२३ संसदेने मंजूर केला. तो १० मे २०२४ पासून लागू झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे नियमही आले. तिन्ही दलांचे जवान एकाच संयुक्त मुख्यालयाखाली असतील, तर तिथल्या प्रमुखाला त्या सगळ्यांवर शिस्तीचे अधिकार मिळावेत, हा त्याचा हेतू. प्रकरणे लवकर निकालात निघावीत हे त्यामागचे कारण सांगितले गेले. हेतू चांगला आहे. पण या कायद्याने जुने तीन अधिनियम जागचे हलवले नाहीत. त्यामुळे एकाच छावणीत, एकाच मुख्यालयाखाली, एकाच भांडणात सापडलेल्या दोन जवानांची गत वेगवेगळी होऊ शकते. लष्कराच्या शिपायावर समरी बसेल. हवाई दलाच्या जवानावर तसे कोर्ट बसूच शकत नाही. अधिकार एक केले, मग न्याय एक करायला काय हरकत आहे?

म्हणून माझी मागणी मोघम नाही. नवी संहिता करा आणि तिच्यात शांततेच्या ठिकाणी समरी कोर्ट मार्शल ठेवू नका. मोहिमेवर ठेवायचेच असेल तर कारणे लेखी नोंदवा आणि वरच्या मंजुरीशिवाय बडतर्फी अमलात आणू नका. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध जवानाची तक्रार आहे त्याने त्या जवानाचा निवाडा करू नये, हे कायद्यातच लिहा. नोकरी किंवा स्वातंत्र्य पणाला लागले असेल तिथे वकिलाला बोलू द्या. आरोपपत्र आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्या, आणि 'गिल्टी' लिहिण्याआधी एक रात्र विचाराला द्या. कलम ३ मधली तीन महिन्यांची भिंत पाडा. न्यायाधिकरणाला आपला आदेश पाळून घेण्याचा अधिकार द्या आणि नागपुरात नेमाने बसवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ च्या जुलैमध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सीमेवरच्या जवानाचे गावातले शेतीचे, घरातले खटले सांभाळायला तिची मदत होईल. तीच मदत जवानावर आरोप येईल त्या दिवशी छावणीतही पोचवा.

सुभेदारसाहेब, तुम्ही म्हणालात की मग कोणी कोणाचे ऐकणार नाही. तुमच्या पलटणीने तुमचे ऐकले ते समरीच्या भीतीने, असे मला वाटत नाही. तुम्ही पुढे चाललात म्हणून ते मागे आले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज युद्धाच्या दिवसांत सीमेवर जाऊन जवानांपुढे खंजिरी घेऊन उभे राहिले ते याच नात्याच्या ओढीने. जो शिपाई हुकमावर मरायला तयार आहे, त्याला हुकूम देणाऱ्याची भीती घालावी लागत नाही. त्याला इतकेच ठाऊक असावे लागते की आपल्यावर खोटा आळ आला तर आपली बाजू कोणीतरी मांडेल.

सत्कार संपला, हार निघाले, पोरांनी वडीलधाऱ्यांच्या पाया पडून घेतले. त्यांतला एक माझ्याजवळ आला. एकोणीस वर्षांचा असेल. हळूच म्हणाला, "सर, तिथं आपल्यावर काही आलं तं वकील भेटते का?"

मी खरे तेच सांगितले. "भेटते बेटा. तुझ्याजवळ बसते. पण तुझ्यासाठी बोलू शकत नाही."

तो काही बोलला नाही. मान हलवून आईकडे गेला, दुसऱ्या आठवड्यात गाडीतही बसला. उद्या त्याच्यामागून आणखी पोरे येतील आणि हाच प्रश्न विचारतील. त्यांना दुसरे उत्तर देता यावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.